कापिशायन ते नंदी : दख्खनी वाइनचा आस्वाद

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय झाले, नाट्यसंगीत झाले, शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीवर एक विद्वत्तापूर्ण व्याख्यान झाले. आणि आता माझ्या वाट्याला हा विषय आला आहे. कार्यवाहांनी निमंत्रणपत्रिकेवर ‘द्राक्षसंस्कृती’ असा सोज्ज्वळ शब्द छापून माझी आणि मंडळाचीही अब्रू राखली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. तथापि विषय वाइनचा आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. ज्यांना हे पेय वर्ज्य आहे त्यांनीही निर्धास्त असावे. सभागृहात बाटली आणलेली नाही. तेव्हा पिणाऱ्यांना आणि न पिणाऱ्यांना आज सारखेच शब्दांवर भागवावे लागणार आहे.

माझा व्यवसाय वाइन चाखून तिच्याविषयी लिहिण्याचा. परीक्षक घोट गिळत नाही. तो जिभेवर घोळवतो, नाकाने त्याचा गंध घेतो आणि थुंकून टाकतो. दिवसाकाठी तीस-चाळीस नमुने तपासायचे तर दुसरा उपाय नाही. ही हकीकत ऐकून आमच्या मामी म्हणाल्या होत्या, “थुंकायचेच तर मग पाण्यात काय वाईट होते?” या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला अजून सुचलेले नाही.

माझे बालपण निफाड तालुक्यात गेले. द्राक्षाच्या मांडवाखाली खेळलेला मुलगा पुढे बंगळूरला येतो आणि नंदीच्या पायथ्याशी त्याला पुन्हा द्राक्षाचे मळे दिसतात, तेव्हा तुलना करण्याचा मोह त्याला आवरत नाही. हा मोह शास्त्रशुद्धही आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात सुराध्यक्षाची कर्तव्ये सांगताना द्राक्षरसाच्या मद्याला ‘मधु’ म्हटले आहे, आणि त्याचे नाव ज्या देशात ते पिकते त्या देशावरून पडते असे सांगून ‘कापिशायन’ आणि ‘हारहूरक’ ही दोन नावे दिली आहेत. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील बेग्रामचा परिसर. पाणिनीनेही या गावाच्या नावावरून शब्द साधण्यासाठी एक सूत्र खर्ची घातले आहे. मद्याची ओळख त्याच्या भूमीवरून सांगायची ही कल्पना फ्रेंचांची म्हणून आपण शिकतो. ती आपल्या ग्रंथांत दोन हजार वर्षे पडून आहे. म्हणून आज मी बाटल्यांना गुण देणार नाही. नाशिक, नंदी, अकलूज आणि हंपी या चार भूमींची चव मला कशी लागली, एवढेच सांगणार आहे.

आधी वेलीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. वाइनची द्राक्षे पृथ्वीवर साधारण 30 ते 50 अक्षांशांच्या पट्ट्यात पिकतात, असे जुनी पुस्तके सांगतात. बोर्दो 45च्या आसपास आहे. आपले नाशिक 20वर, आणि नंदी तर अवघ्या 13वर. तिकडे हिवाळ्यात वेल पानगळ होऊन झोपते आणि वसंतात जागी होते. इकडे तिला झोपच नाही. तिला कात्रीने झोपवावे आणि कात्रीनेच उठवावे लागते. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी हे शब्द नाशिककडच्या मंडळींना सांगायला नकोत. पहिल्या छाटणीनंतर काडी तयार होते, दुसरीनंतर घड येतो आणि थंडीत पोसतो. पाऊस टळावा म्हणून पीक हिवाळ्याच्या अखेरीस घ्यायचे, ही युक्ती आमच्या शेतकऱ्यांनी खाण्याच्या द्राक्षांसाठी रुळवली होती. वाइनवाले मागाहून तिच्या आश्रयाला आले. परंतु तिच्यात एक खोच आहे. युरोपात द्राक्ष पिकते तेव्हा ऋतू गारव्याकडे झुकत असतो; आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये तो उन्हाकडे झुकतो. साखर झपाट्याने चढते आणि आंबटपणा तितक्याच झपाट्याने उतरतो. चार दिवसांचा उशीर झाला तर वाइन बोजड होते. दख्खनच्या सगळ्या वाइनचा गुण आणि दोष या शर्यतीत आहे, आणि पुढे मी जे जे सांगेन ते या एका गोष्टीवरून ताडून पाहावे.

या उद्योगाचा इतिहास थोडक्यात आटोपतो. 1980च्या दशकात नारायणगावजवळ शाम चौगुले यांनी शॅम्पेनच्या पद्धतीने फेसाळ वाइन केली आणि ती ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी पाठवली. त्याच दशकात कंवल ग्रोव्हर यांनी दोड्डबळ्ळापूरजवळ, नंदीच्या पायथ्याला, फ्रेंच जातींच्या वेली लावल्या. जॉर्ज व्हेसेल हे शॅम्पेन प्रांतातले जाणते गृहस्थ त्यांचे मार्गदर्शक होते. 1988मध्ये कंपनी स्थापन झाली आणि 1992मध्ये पहिली वाइन बाजारात आली. पुढे मिशेल रोलाँ हे बोर्दोचे विख्यात तज्ज्ञ सल्लागार म्हणून आले. राजीव सामंत कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून नाशिकला परतले, गंगापूर धरणाजवळ त्यांनी सोव्हिन्यों ब्लाँ आणि शनँ ब्लाँ लावले, आणि 2000मध्ये ‘सुला’ची पहिली बाटली निघाली. महाराष्ट्राने 2001मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, कर्नाटकाने 2007मध्ये. ग्रोव्हर यांची कंपनी 2012मध्ये इगतपुरीच्या झांपाशी एकत्र आली. म्हणजे नंदी आणि सह्याद्री यांची सोयरीक झाली म्हणाना.

आता चवीकडे वळतो. पांढऱ्या वाइनपासून आरंभ करणे हा शिष्टाचार आहे.

नाशिकची सोव्हिन्यों ब्लाँ पेल्यात ओतली की पहिला गंध येतो तो हिरव्या मिरचीचा. ताजी मिरची बोटांनी मोडली असता येतो तसा. मागाहून कैरी येते आणि नुकत्याच कापलेल्या गवताचा वास. माझ्या इंग्रज सहव्यवसायिकांना येथे ‘गूजबेरी’ आठवते. मी ते फळ बालपणी पाहिलेले नाही, तेव्हा मला ते आठवण्याचे कारण नाही. मिरचीचा गंध ही मात्र केवळ कविकल्पना नव्हे. ढोबळ्या मिरचीला आणि या द्राक्षाला तो वास देणारी द्रव्ये एकाच कुळातली आहेत. रसायनशास्त्रज्ञ त्यांना पायरॅझीन म्हणतात. सुलाची ही वाइन मला तिच्या धारदार आंबटपणामुळे आवडते. नाशिकच्या थंडीतल्या रात्री त्या धारेत उतरलेल्या असतात. अळूवडी, कोथिंबीरवडी, तळलेला बोंबील यांच्या शेजारी ती शोभते. बाटली वर्षभरात संपवावी. ठेवली की धार बोथट होते.

नंदीची सोव्हिन्यों वेगळी आहे. येथे मळे समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटरवर, म्हणजे नाशिकपेक्षा जवळजवळ 300 मीटर अधिक उंचीवर आहेत. विषुववृत्त जवळ असले तरी उंचीमुळे हवा सौम्य राहते. दिवसरात्रीतला फरक मात्र नाशिकसारखा तीव्र नसतो. जमीन तांबडी, खाली ग्रॅनाइटजातीचा खडक. नाशिकला आपला मुरूम आणि त्याखाली काळा बेसाल्ट. नंदीच्या वाइनमध्ये मिरची मागे सरते आणि पपनस पुढे येते. देवनहळ्ळीचे पपनस, ज्याला येथे ‘चक्कोत’ म्हणतात, ते ज्यांनी सोलून खाल्ले असेल त्यांना मी काय म्हणतो ते कळेल : गोडसर गर आणि सालीचा किंचित कडवट स्पर्श. पपनसाची झाडे आणि हे मळे एकाच मुलुखात, हे मला केवळ योगायोगाचे वाटत नाही. परंतु हे सिद्ध करता येणार नाही, म्हणून परीक्षकाची लहर समजून सोडून द्यावे.

शनँ ब्लाँविषयी दोनच वाक्ये. कोरडी असेल तर तिला पिकल्या पेरूचा वास येतो आणि ती सहज पिऊन संपते. घड उशिरा तोडून केलेली गोड शनँ चांगली असते, मधासारखी. पण ती पुरणपोळीबरोबर द्यावी काय, असे मला प्रत्येक होळीला कोणीतरी विचारतो. देऊ नये. पदार्थाहून वाइन अधिक गोड असावी लागते, आणि पुरणाहून गोड वाइन करणे मनुष्याच्या आवाक्यातले नाही. पुरणपोळीवर तूप, सोबत दूध, हेच खरे. गोड शनँबरोबर खारवलेले काजू द्यावेत.

तांबड्या वाइनमध्ये शिराझ ही दख्खनची सर्वांत रुळलेली जात. ‘दिंडोरी रिझर्व्ह’ ही सुलाची शिराझ मी अनेक वर्षांची चाखली आहे. पहिल्या श्वासात जांभूळ येते. पाठोपाठ काळी मिरी, आणि ती इतकी स्पष्ट की पेल्यात कोणी मिरपूड टाकली असावी असे वाटते. 2008मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी शिराझमधील हा गंध रोटुंडोन नावाच्या द्रव्याचा असल्याचे दाखवले. तेच द्रव्य आपल्या मलबारी मिरीत असते. तेव्हा ज्या नाकाने आयुष्यभर मसाल्याचा डबा उघडला त्याने वाइनपुढे न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही. लाकडी पिंपात मुरल्यामुळे लवंग आणि भाजक्या खोबऱ्याचा वास तिला चढतो. काही वर्षी तो जरा अधिकच चढतो आणि फळ खाली दबते. हा माझा जुना आक्षेप आहे. ओक हा मसाला आहे, भाजी नव्हे. तरी या बाटलीविषयी मला ममत्व आहे, आणि त्याचे एक कारण तिचे नाव आहे. आमच्या वाइनना फ्रेंच किंवा इटालियन नावे देण्याची हौस फार. एका तालुक्याचे नाव चिठ्ठीवर मिरवणारी ही बाटली पाहून कौटिल्याला बरे वाटले असते.

ग्रोव्हर यांची ‘ला रिझर्व्ह’ कॅबर्ने सोव्हिन्यों आणि शिराझ यांच्या मिश्रणाची. तिने दोन पिढ्यांच्या बंगळूरकरांना वाइन म्हणजे काय ते शिकवले. तिचा स्वभाव मवाळ. जांभळापेक्षा करवंदाकडे झुकणारे फळ, जुन्या सागवानी पेटीचा वास, आणि विड्यातल्या कातासारखा तुरटपणा. पण तो कात चुना लागून शमलेला. नाशिकची शिराझ बोलते मोठ्याने, नंदीची हळू. मटणाचा तांबडा रस्सा असेल तर मी दिंडोरी मागवीन. येथल्या मित्राच्या घरी नाचणीचे मुद्दे आणि सारू असेल तर नंदी. तिखट पदार्थाने टॅनिनचा तुरटपणा अधिक बोचतो, म्हणून कोल्हापुरी झणझणीतपणाला खरे तर कोणतीच तांबडी वाइन धार्जिणी नाही. पांढरा रस्सा निराळा.

मातीच्या वासाविषयी एक गंमत सांगण्यासारखी आहे. पहिल्या पावसाच्या मृद्गंधावर आपण जीव टाकतो. त्या गंधाचे कारण असलेले जिओस्मिन वाइनमध्ये आढळले तर मात्र तो दोष धरतात. ‘मातीची चव’ याचा अर्थ माती चाखणे असा नव्हे. मुळांना किती पाणी मिळाले, खडक किती निचरा करतो, रात्र किती गार झाली, यांचा तो हिशेब आहे.

आता सांजोवेसे या जातीकडे येतो, कारण मला सर्वांत अधिक आशा तिच्याविषयी आहे. ही इटलीतल्या टस्कनीची जात. अकलूजजवळ, सोलापूर जिल्ह्याच्या उन्हात, मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा तीन कुटुंबांनी 2007मध्ये ‘फ्रातेल्ली’ उभी केली. फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. वाइन करण्याची जबाबदारी टस्कनीच्या पिएरो मासी यांनी घेतली. उसाच्या आणि साखर कारखान्यांच्या मुलुखात वाइन, या कल्पनेला मी मनातल्या मनात हसलो होतो. ‘सेत्ते’ चाखल्यावर हसू थांबले. सांजोवेसे आणि कॅबर्ने यांचे ते मिश्रण आहे. करवंद आणि आमसूल असा पहिला भास होतो. जिभेच्या कडांना पाणी सुटते, आणि मग कोवळ्या सुपारीसारखा तुरटपणा बराच वेळ रेंगाळतो. ही जात उन्हातही आपला आंबटपणा सोडत नाही, आणि मघाशी सांगितलेल्या शर्यतीत हाच गुण निर्णायक आहे.

त्याच जातीची दुसरी बाटली कर्नाटकातली आहे. कोप्पळ जिल्ह्यात, हंपीच्या टेकड्यांजवळ, कृष्णप्रसाद आणि उमा चिगुरुपाटी यांनी ‘कृष्मा’ मळा लावला. तेथील धोंड्यांचे रान आपण हंपीच्या सहलीत पाहिलेच आहे. त्यांची सांजोवेसे अकलूजपेक्षा दाट, रंगाने मात्र तितकी काळी नाही. फळ सुकलेले, मनुकांकडे जाणारे, आणि शेवटी एक खारटसर, कोरडा स्पर्श. अकलूजची वाइन जेवणाशी गप्पा मारते. हंपीची एकटी बसते. दोन्ही ठिकाणी ऊन कडक आणि पाऊस कमी, तरी चव भिन्न. मला दोन्ही हव्यात. मात्र दोन्ही एका टेबलावर आणणे वाटते तितके सोपे नाही. मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय असल्यामुळे प्रत्येक राज्यात बाटलीची वेगळी नोंदणी, वेगळी चिठ्ठी, वेगळा कर. आपण माणसे निपाणीवरून रात्रीच्या बसने झोपेत सीमा ओलांडतो. बाटलीला मात्र कागदपत्रे दाखवावी लागतात.

येथवर परदेशी जातींची स्तुती झाली. परंतु बंगळूरच्या सभेत ‘बंगळूर ब्लू’चा उल्लेख न करता मी खाली बसलो तर तो अन्याय होईल. हे काळेनिळे, जाड सालीचे, बियांचे द्राक्ष आपण हातगाड्यांवर पाहतो आणि थॉम्पसनच्या सवयीमुळे नाक मुरडतो. ही अमेरिकेतील रानद्राक्षाच्या वंशातली, इझाबेला या जातीची मानली जाते. दीडशे वर्षांच्या आसपास ती या परिसरात नांदते आहे. 2013मध्ये तिला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. येथल्या हवेत ती वर्षाला दोन पिके देते. तिच्या गंधाला वाइनच्या परिभाषेत ‘कोल्ह्याचा वास’ म्हणतात, आणि फ्रान्सने 1930च्या दशकात कायदा करून ज्या जातींवर बंदी घातली त्यांत इझाबेला होती. हा वास मिथाइल अँथ्रानिलेटचा. मुलांच्या जांभळ्या गोळ्यांना जो ‘द्राक्षाचा स्वाद’ घालतात तो हाच. म्हणजे ज्या वासाला तज्ज्ञ दोष म्हणतात, तोच आपल्या मुलांच्या लेखी द्राक्षाचा खरा वास आहे.

या द्राक्षाची वाइन बहुधा साखर घालून, ‘पोर्ट’ या नावाने विकली जाते. गोव्याच्या पोर्टमध्येही हे द्राक्ष मोठ्या प्रमाणात गेले आहे. मी ती नाक बंद करून चाखली आहे आणि नाक उघडे ठेवूनही. उंची वाइन म्हणून तिची शिफारस मी करणार नाही. परंतु साखर न घालता, थोडी गुलाबी ठेवून, गार करून कोणी केली तर चिंचेच्या सारासारखी तरतरीत होईल असे मला वाटते, आणि कोणीतरी हे धाडस करावे. आणखी एक गोष्ट : एकोणिसाव्या शतकात अमेरिकन वेलींबरोबर आलेल्या किडीने युरोपचे मळे उद्ध्वस्त केले, आणि वाचवले तेही अमेरिकन खुंटांवर कलमे बांधूनच. आमच्या निफाडकडे आजही वेल डॉगरिजच्या खुंटावर बांधतात, तोही अमेरिकन. तेव्हा कुलीन-अकुलीन हा वाद वेलींच्या बाबतीत जपून करावा.

बंगळूर ब्लूचे भवितव्य मला चिंतेचे वाटते. 2008मध्ये देवनहळ्ळीला विमानतळ सुरू झाला आणि त्या बाजूच्या जमिनीचा भाव द्राक्षात मोजण्यापलीकडे गेला. चिक्कबळ्ळापूरच्या रस्त्याने जाताना जेथे मी मांडव पाहिले होते तेथे आता भूखंडांचे फलक दिसतात. शेतकऱ्याला दोष कसा देणार? नाशिककडे निराळ्या कारणाने तेच घडले. 2008च्या अखेरीस जागतिक मंदी आणि मुंबईवरील हल्ला यांचा फटका बसून वाइनचा खप ओसरला, द्राक्षे पडून राहिली, आणि कराराच्या भरवशावर शिराझ लावलेल्या कित्येकांनी वेली उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. माझ्या नात्यातल्या एका शेतकऱ्याने चार वर्षांची शिराझ एका सकाळी कुऱ्हाडीने तोडली. त्याने आयुष्यात वाइनचा थेंब घेतलेला नाही. महाराष्ट्रात जानेवारी 2022मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याच्या निर्णयावर रण माजले, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. दोन्ही बाजूंनी हिरिरीने भाषणे झाली. त्या गदारोळात या शेतकऱ्याला कोणी काही विचारले नाही. वेल लावल्यापासून चांगली वाइन देण्याजोगी होईपर्यंत पाच-सहा वर्षे जातात. एवढा काळ थांबण्याची ऐपत ज्याच्यात आहे तोच या चवी टिकवणार. म्हणून दख्खनची वाइन घेणाऱ्यांनी आयात बाटलीशी तिची तुलना करताना, हे पीक येथे तीस-चाळीस वर्षांचे आहे आणि तिकडे दोन हजार वर्षांचे, एवढे ध्यानात ठेवावे.

शेवटी काही व्यावहारिक सूचना, कारण प्रश्नोत्तरांत त्याच विचारल्या जातात. बाटली दुकानाच्या दर्शनी खिडकीतली घेऊ नये. मी एकदा या शहरातल्या एका दुकानातून अशी घेतली आणि शिजवलेल्या मनुकांचा काढा प्यायलो. तांबडी वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी म्हणतात ती खोली फ्रान्समधली. आपल्या एप्रिलमध्ये ती वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावी. बाटली उघडली की दोन-तीन दिवसांत संपवावी, न संपल्यास मटणाला लावावी. आणि पेला हातात आला की दुसरा काय म्हणतो ते ऐकण्याआधी स्वतःचे नाक वापरावे. जांभूळ वाटले तर जांभूळ म्हणावे, कात वाटला तर कात.

 कार्यवाह खुणेने सांगत आहेत की बाहेर मसाला दूध तयार आहे.